घरचा पास्ता दरवेळी गिच्च का होतो: पिठापासून डब्यापर्यंत

पास्ता उकळायला टाकला, मीठ घातलं, पाकिटावर लिहिलेली आठ-दहा मिनिटं मोजली आणि गाळायला घेतलं तर पातेल्यात एकच मोठा गोळा. बेळगावपासून खानापूर-निपाणीपर्यंत ज्या घरांत आता पास्ता लाटला जातो, तिथं ही तक्रार हमखास ऐकू येते. "वैनी, पाकिटाचा मोकळा होतोय की, मग घरचाच का असा?" आणि त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: पाण्यात चमचाभर तेल घाला.

तेलाचा उपयोग नाही. ते पाण्यावर तरंगतं, पास्ता तळाशी असतो. गाळताना तेवढं ते पास्त्याला माखतं आणि मग वरचा रस्सा त्याला धरत नाही. फार तर फेस थोडा कमी होतो. चिकटण्याचं कारण दुसरीकडे असतं आणि प्रत्येक घरात ते एकच नसतं, म्हणून आधी आपल्या पास्त्याचा दोष कुठं आहे ते ओळखायचं.

त्यासाठी सोपी परीक्षा आहे. पुढच्या वेळी सगळा पास्ता टाकण्याआधी पाच-सहा तुकडे छोट्या पातेल्यात वेगळे उकळा. दर अर्ध्या मिनिटाला एक काढून चावून बघा. ते मोकळे आणि चावायला छान लागले तर पीठ ठीक आहे, चूक मोठ्या पातेल्यात किंवा वेळेत आहे. ते पाच तुकडेसुद्धा बुळबुळीत झाले, पाणी मिनिटभरातच दुधासारखं पांढरं झालं, तर दोष पिठात किंवा भिजवण्यात आहे. आणि उकळायला टाकायच्या आधी ताटातच तुकडे एकमेकांना चिकटले असतील तर हवा आणि ओलावा. पुढचं सगळं वाचायची गरज नाही, आपला भाग गाठा.

पिठाचा दोष

माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथंच मिटतात. आपण काय करतो, तर घरात असलेली चपातीची कणीक घेतो, नाहीतर मैदा. चपातीची कणीक पास्त्याला वाईट असते, आणि ती जितकी चपातीला चांगली तितकी पास्त्याला वाईट. गिरणीच्या दगडाखाली गव्हातल्या स्टार्चचे कण दाबले जाऊन तुटतात. तुटलेले कण पाणी भरपूर पितात, म्हणून चपाती मऊ होते आणि दिवसभर मऊ राहते. तेच कण उकळत्या पाण्यात पटकन फुगतात, फुटतात, स्टार्च बाहेर सोडतात आणि पास्त्याच्या अंगावर खळ चढते. शिवाय कणकेतला कोंडा ग्लुटेनचं, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनांचं, जाळं मधेमधे तोडतो, त्यामुळं आतलं स्टार्च धरून ठेवायला काही उरत नाही.

पाकिटातला पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचा असतो. इटलीत सुका पास्ता डुरमचाच असला पाहिजे असा कायदा १९६७ मध्ये झाला. हा गहू कडक, पिवळसर, प्रथिनांनी भरलेला. त्यात कारखान्यात तो जास्त तापमानावर वाळवतात, त्यामुळं प्रथिनांचं जाळं घट्ट बसतं. पाकिटाचा पास्ता दोन मिनिटं जास्त शिजला तरी सांभाळून घेतो, घरचा घेत नाही.

पण डुरमसाठी आपल्याला लांब जायचं कारण नाही. तो आपल्या किराणा दुकानात बन्सी रवा म्हणून बसलेला असतो. कर्नाटकात उपमा-केसरीबातसाठी तो मागून घेतात, बेळगावच्या रविवार पेठेत सहज मिळतो, गावातल्या दुकानातही असतो. मागताना नीट सांगा, कारण नुसता "रवा" म्हटलं की बॉम्बे रवा किंवा चिरोटी रवा पुड्यात येतो आणि तो साध्या गव्हाचा. बन्सी रवा हातात घेतला की पिवळटपणा लगेच दिसतो.

अडचण एकच, तो जाड असतो. जाड रवा तसाच भिजवला तर गोळा जुळत नाही, लाटताना कडा फाटतात. मिक्सरमध्ये थोडा थोडा घेऊन फिरवा, मैद्याच्या चाळणीनं चाळा, वर राहिलेला पुन्हा फिरवा. मिक्सर तापू देऊ नका, मधे थांबा. जास्त करायचा असेल तर गिरणीत दोन-तीन किलो एकदम बारीक दळून आणा, फक्त गिरणीवाल्याला आधी सांगा की ज्वारी-मिरचीच्या मागून नको.

बन्सी रवा मिळालाच नाही तर निम्मा मैदा आणि निम्मा चिरोटी रवा हा दुसऱ्या नंबरचा मार्ग. कणीक घालायचीच असेल, मुलांच्या पोटात थोडं गव्हाचं जावं म्हणून, तर ती एक तृतीयांशाच्या वर नेऊ नका.

खपलीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण हल्ली प्रत्येक जण खपलीचा पास्ता करायला बघतो. हा आपल्या भागातला जुना गहू. बेळगाव, विजयपूर, बागलकोटकडं हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, अजूनही तोच लागतो, आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठानं डीडीके १०२५, डीडीके १०२९ अशी त्याची बुटकी वाणं काढली आहेत. चवीला खमंग, पण त्याचं ग्लुटेन कमकुवत. नुसत्या खपलीच्या पट्ट्या कापल्या तर उकळताना त्यांचे तुकडे होणार. बन्सी रव्यात खपलीचं पीठ चौथा हिस्सा घाला आणि लांब पट्ट्यांऐवजी आखूड, जाड आकार करा. मग ती चव मिळते आणि पास्ताही टिकतो.

पाणी आणि वेळ

चार माणसांना ४०० ग्रॅम बारीक केलेला बन्सी रवा, त्याला साधारण २०० मिलिलिटर कोमट पाणी. यापेक्षा जास्त लागतंय असं वाटलं तर थांबा. पहिल्या पाच मिनिटांत हा गोळा नेहमीच कोरडा आणि भुसभुशीत वाटतो, आणि आपला हात सवयीनं पाण्याच्या तांब्याकडं जातो. तिथंच पुढचा सगळा चिकटपणा पक्का होतो. रवा पाणी हळू पितो. जुळत नसला तरी गोळा मुठीनं दाबून एकत्र करा, ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं ठेवा, मग मळा. आठ-दहा मिनिटं मळल्यावर पुरीच्या पिठाहूनही घट्ट आणि वरून गुळगुळीत गोळा व्हायला हवा. त्यानंतर अर्धा तास पुन्हा झाकून ठेवा. हा अर्धा तास चुकवू नका, न मुरलेलं पीठ लाटताना मागं ओढतं आणि आपण वैतागून जाड लाटून मोकळे होतो.

अंडं चालत असेल तर १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी नाही. उत्तर इटलीची ही पद्धत. अंड्यातली प्रथिनं उकळताना घट्ट होतात आणि मैद्याचा कमकुवतपणा भरून काढतात. दक्षिण इटलीत, पुलियाकडं, नुसता डुरम रवा आणि पाणी. आपल्याकडं श्रावण, गुरुवार, संकष्टी हे सगळं धरलं तर पुलियाची रीत जास्त उपयोगी पडते.

लाटायचं यंत्र नसेल तर लांब पट्ट्यांच्या मागं लागू नका. रव्याचं घट्ट पीठ पोळपाटावर एकसारखं पातळ लाटणं कष्टाचं काम आहे, आणि घाईच्या दिवशी तर नकोच. बोटाएवढी वळी करा, नखाएवढे तुकडे पाडा आणि पोळपाटावर अंगठ्यानं पुढं ढकला, वाटीसारखा आकार होतो. ज्यांच्या घरी लग्नकार्यात गव्हल्या, नखुल्या, बोटव्या वळल्या गेल्या आहेत त्यांच्या हाताला हे सांगावं लागत नाही. घरातल्या आजीला नुसतं पीठ पुढ्यात द्या. तुमच्या दहा होईपर्यंत तिच्या पन्नास झालेल्या असतात, गप्पा मारत.

सोऱ्याचा मोह मात्र टाळा. शेवेची जाळी लावून स्पॅगेटी पाडायची कल्पना छान वाटते, पण घट्ट पीठ सोऱ्यातून उतरत नाही. मग आपण ते सैल करतो, आणि सैल पिठाच्या शेवया उकळत्या पाण्यात खिमट होतात.

पावसाळ्यातला ओलावा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडं, खानापूरच्या पश्चिमेला तर विचारूच नका, ताटात पसरलेला पास्ता सुकण्याऐवजी उलट मऊ होत जातो. अशा वेळी बरेच जण वरून मैदा भुरभुरतात. मैदा ओलावा धरतो आणि पाण्यात गेल्यावर त्याचीच खळ होते. त्याऐवजी जाडा रवा भुरभुरा, तोच बन्सी, न दळलेला. तो पिठाला चिकटत नाही, पाण्यात तळाला बसतो आणि तुकडे वेगळे राहतात.

पावसाळ्यात पास्ता वाळवून साठवायचं डोक्यातूनच काढून टाका. बाहेरून कोरडा वाटतो, आतला दमटपणा तसाच राहतो आणि आठवड्यात डब्यात बुरशी. पंख्याखाली रात्रभर ठेवूनही खात्री नाही. अंड्याचा तर कधीच बाहेर वाळवू नये, उन्हाळ्यातसुद्धा. पावसाळ्यात फ्रीझर वापरा. ताटात एका थरात रवा भुरभुरून तुकडे पसरा, तासा-दीड तासानं कडक झाले की पिशवीत भरा. महिनाभर राहतात. वापरताना बाहेर काढून ठेवायचे नाहीत, पिशवीतून थेट उकळत्या पाण्यात. दिवसभर लाईट गेली आणि पिशवीत त्यांचा गोळा झाला तर सोडवत बसू नका. आतून अजून गार असेल तर त्याच दिवशी तो वरणात जातो, ते पुढं सांगते. पूर्ण कोमट होऊन आंबूस वास आला असेल, किंवा अंड्याचा असेल, तर टाकून द्या.

वाळवण करायचं तर मार्च-एप्रिल-मे, शेवया-कुरडयांच्या हंगामातच. मात्र कडक उन्हात नको. वरचा भाग भराभर आकसतो, आत ओल असते, आणि अंगावर केसासारख्या चिरा पडतात. असा पास्ता दिसायला ठीक असतो, उकळला की त्या चिरांवर मोडतो. सावलीत, वारा खेळतो तिथं, पातळ सुती कापडावर दोन-तीन दिवस. तुकडा मोडल्यावर कट् आवाज आला आणि आत फिकट ठिपका दिसला नाही म्हणजे वाळला.

पातेल्यातली चूक

सगळ्यात मोठी चूक वेळेची. पाकिटावरची आठ-दहा मिनिटं सुक्या पास्त्याची असतात. ताज्या, पातळ पट्ट्या दोन ते तीन मिनिटांत होतात. अंगठ्यानं केलेल्या जाड वाट्या पाच ते सात. घरी वाळवलेल्या दहा-बारा, कधी थोड्या जास्तही. घड्याळापेक्षा दात खरे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, इथं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, म्हणून किनाऱ्यावरच्या पाककृतीतल्या वेळेत थोडीशी भर धरा. पण ही भर काही सेकंदांची, फार तर मिनिटाची. तिचं निमित्त करून पास्ता विसरू नका.

दुसरी गोष्ट, पाण्याचं प्रमाण. १०० ग्रॅमला एक लिटर हा जुना हिशेब, चार माणसांना चार लिटर. एवढं मोठं पातेलं नसेल, गॅस वाचवायचा असेल, तर दोन हप्त्यांत उकळा. कमी पाण्यातही होतो, पण मग हलवत राहावं लागतं. कारण असं की स्टार्च साधारण ६० ते ७० अंशांच्या मधे फुगून चिकट होतो. पास्ता टाकल्यावर पाणी गार पडलं आणि तुकडे एकमेकांना टेकून तसेच राहिले की ते तिथंच जोडले जातात. पहिलं मिनिट सगळं ठरवतं. मोठ्या आचेवर, झाकण लावून उकळी परत आणा, उलथन्याच्या मागच्या टोकानं तळापासून हलवा. एकदा वरचा थर शिजला की चिकटण्याचा धोका बराच कमी होतो.

बोअरच्या पाण्याचंही बघा. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी नळाला येणाऱ्या घरी ही अडचण कमी. पण बोअरचं जड, अल्कधर्मी पाणी असेल तर त्यात पास्त्यातला स्टार्च जास्त सुटतो. चार लिटर पाण्यात अर्धा ते एक चमचा लिंबाचा रस पिळा. चवीला कळत नाही, फरक मात्र पडतो.

कुकर? घरच्या ताज्या पास्त्याला अजिबात नाही. पहिली शिट्टी होईपर्यंत तो शिजून, फुटून, लगदा झालेला असतो. शिवाय पास्त्याचा फेस वर चढून शिट्टीच्या भोकात अडकतो, ते वेगळंच.

गाळताना ते पाणी सगळं मोरीत ओतू नका. वाटीभर बाजूला काढा. रस्सा सुटा-सुटा राहत असेल तर हेच पाणी त्याला एकजीव करतं. आणि गाळलेला पास्ता चाळणीत निथळत ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. रस्सा आधी तयार हवा, पास्ता त्याच्यात थेट पडायला हवा. चाळणीतली दोन मिनिटं पुरेशी असतात गोळा व्हायला.

डब्यात गेल्यावर

घरी मोकळा होता, शाळेत डबा उघडला तर वडी. यात शिजवणाऱ्याची चूक फारशी नसते. पास्ता गार होताना रस्सा पीतच राहतो आणि गरम भरून झाकण लावलं की वाफ आतच पाणी होऊन बसते. उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकत्र करावे लागतात. नेहमीपेक्षा मिनिटभर आधी उतरवा. गाळल्यावर गार पाण्यातून काढा. एरवी मी याच्या विरोधात आहे, कारण वरचं स्टार्च धुतलं की रस्सा धरत नाही, पण डब्यासाठी तेच हवं. मग चमचाभर तेल चोळून ताटात पसरा, वाफ पूर्ण गेली की भरा. तेलाची जागा ही आहे, पातेलं नव्हे. रस्सा नेहमीपेक्षा पातळ ठेवा.

पांढरा सॉस उन्हाळ्यात डब्याला देऊ नका. दुधाचा पदार्थ एप्रिलच्या उकाड्यात पाच तास दप्तरात, ते बरं नाही. घरी करताना तो फाटतो अशीही तक्रार असते. टोमॅटोच्या आंबटपणात गार दूध ओतलं की फाटणारच. आधी मैदा-लोण्यावर दूध घट्ट करा, टोमॅटो वेगळा परता आणि आच बंद करून शेवटी एकत्र करा.

घाईच्या दिवशीचं जेवण

फ्रीझरमध्ये पिशवी असेल तर पास्ता पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. माझ्या लेखी तीनच प्रकार पुरेसे.

पहिला, लसूण आणि संकेश्वरी मिरची. पाणी तापेपर्यंत तेलात आठ-दहा लसूणपाकळ्या मंद आचेवर परतायच्या, भिजवून वाटलेल्या चार मिरच्या, तीन टोमॅटो बारीक चिरून, मीठ, चिमूटभर गूळ. संकेश्वरी तिखट आहे. मुलांसाठी करताना निम्म्या मिरच्या ब्याडगीच्या घ्या, रंग तोच राहतो.

दुसरा, शेंगाचटणीचा. ज्या घरात भाकरीबरोबर खायला शेंगाचटणीचा डबा भरलेला असतो तिथं वेगळा रस्सा करायचाच नाही. वाटीभर चटणी, पाऊण वाटी पास्त्याचं गरम पाणी, वर तेल किंवा लोणी, घोटून घ्या आणि पास्ता त्यात टाका. शेंगदाण्याचं तेल आणि स्टार्चचं पाणी मिळून दाट होतं. हा सुटा राहत नाही, लगेच खायचा, डब्याला चालत नाही.

तिसरा, ज्यांना वरचं काहीच जमत नाही त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर मला हाच जास्त आवडतो: वरणातला पास्ता. चकोल्यांचाच हा मार्ग. तूरडाळ शिजवून पातळ करायची, इतकी पातळ की आमटी वाटावी. मोहरी, हिंग, कढीपत्ता, लसणाची फोडणी, आमसूल, गूळ, थोडा काळा मसाला. खळखळून उकळी आली की कच्चा पास्ता त्यातच सोडायचा, सुटा सुटा. गाळायचं नाही, धुवायचं नाही, पाणी फेकायचं नाही. जो स्टार्च पातेल्यात आपल्याला छळतो तो इथं वरणाला दाटपणा देतो. कणकेचा केलेला, सैल पडलेला, फ्रीझरमध्ये चिकटलेला, कसलाही पास्ता इथं खपतो. गोठलेला गोळा असेल तर तो उकळत्या वरणात चमच्यानं हळूहळू सुटतो. वर साजूक तूप. वाढायला उशीर होणार असेल तर डाळ आणखी पातळ ठेवा.

आणि आजचा पास्ता आत्ताच गिच्च होऊन बसला असेल तर तो मोकळा करायच्या नादी लागू नका, आणखी तुटेल. ताटात थापून गार होऊ द्या. सुरीनं बारीक चिरा, त्यात कांदा, कोथिंबीर, मिरची, मुठीत गोळा जुळेल एवढं बेसन घाला. थालीपीठासारखं तव्यावर थापा, मधे भोकं पाडा, कडेनं तेल सोडा आणि झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी खरपूस करा. पास्ता आधीच शिजलेला असतो, फक्त बेसन शिजेपर्यंत थांबायचं.